गावात सोलर प्लांट उभा राहिला तरी मोटार रात्रीच का चालू करावी लागते? महाराष्ट्रातल्या सोलरबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आलाय: मराठवाड्यातलं गाव, सहा एकर रान, एक विहीर, पाच एचपीची मोटार. पेपरात रोज वाचायला मिळतं की महाराष्ट्र सोलरमधे जोरात चाललाय, गावच्या गायरानावर पॅनल पण दिसायला लागलेत, तरी एक आठवडा आड रात्रीची पाळी आहेच आणि बारा वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जावं लागतंच. मग हे वाढतंय ते कुठं आणि कुणासाठी? आणि सोलर पंपाचा अर्ज करावा का, दोन एकर कंपनीला भाड्यानं द्यावं का, घराच्या छपरावर सोलर बसवावं का?

मी या कामात धुळ्याकडच्या मोठ्या प्लांटच्या काळापासून आहे, आता बरीच वर्षं सबस्टेशनजवळच्या लहान प्लांटचं डिझाइन आणि कमिशनिंग, म्हणजे प्लांट चालू करून द्यायचं काम, करतो, त्यामुळं जे साइटवर बघतो तेच सांगतो.

पहिली गोष्ट, महाराष्ट्राचं सोलर राजस्थान-गुजरातच्या मापानं मोजू नका. तिकडं राजस्थानात भाडला सारखा पार्क आहे, आधीच्या जोधपूर आणि आताच्या फलोदी जिल्ह्यात, एकाच ठिकाणी २,२४५ मेगावॅट. कच्छात खावड्याला ३०,००० मेगावॅटचं नियोजन आहे. तिथं ओसाड जमीन आहे, मैलोनमैल, सरकारच्या नावावर. आपल्याकडं जमिनीचे तुकडे, एका गटात दहा नावं, भाऊबंदकी, कोर्टात केस. मोठा प्लांट करायचा प्रयत्न आपणही केला, साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महाजेनकोचा, म्हणजे राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचा, १२५ मेगावॅटचा प्लांट २०१३ मधे चालू झाला आणि तेव्हा तो देशातल्या मोठ्या प्लांटमधे होता. पण त्याच धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याजवळ वीज प्रकल्पासाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी एका ऐंशी पार केलेल्या शेतकऱ्यानं जानेवारी २०१८ मधे मंत्रालयात विष घेतलं आणि त्यांचा जीव गेला. ही गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकानं लक्षात ठेवायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण इथं सोलर करायचं म्हणजे आधी जमिनीवाल्या माणसाशी नीट वागायचं.

म्हणून इथली वाढ वेगळ्या वाटेनं आली, आणि ती वाट म्हणजे शेतीचा फीडर, सबस्टेशनमधून शेतीपंपांकडं जाणारी वेगळी वीजवाहिनी. जून २०१७ मधे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, सुरुवातीचा प्रकल्प राळेगणसिद्धीला. कल्पना साधी होती, गावाजवळच्या ३३/११ केव्ही सबस्टेशनच्या (३३ केव्हीनं आलेली वीज ११ केव्हीवर उतरवून गावांना देणारं) पाच-दहा किलोमीटरच्या आत लहान प्लांट टाकायचा आणि तिथल्या शेती फीडरला दिवसा वीज द्यायची. पहिली काही वर्षं ते रखडत चाललं, खरं सांगायचं तर टेंडरला माणसं येत नव्हती, कारण पाच मेगावॅटसाठी वीस एकर गोळा करायची म्हणजे वीस घरांचे उंबरे झिजवायचे. २०२३ मधे योजनेचा दुसरा टप्पा आला, त्यात सरकारी जमीन उपलब्ध करून दिली, अनेक सबस्टेशनचे गठ्ठे करून टेंडर काढले आणि मार्च २०२४ मधे एका झटक्यात ९,००० मेगावॅटची कामं दिली गेली, पुढं एकूण लक्ष्य १६,००० मेगावॅटवर नेलं. या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला, ३ मेगावॅटचा, सप्टेंबर २०२४ मधे चालू झाला. राज्यातलं एकूण सोलर मार्च २०२५ अखेर १०,००० मेगावॅटच्या वर गेलं होतं, त्यात मोठे प्लांट, कारखान्यांची छपरं, घरांची छपरं सगळं आलं. पण लक्ष्य आणि प्रत्यक्षात बसलेले पॅनल यात अजून बरंच अंतर आहे, मुदती पुढं सरकल्यात, आणि तुमच्या गावातली परिस्थिती याच अंतरात अडकलेली असण्याची शक्यता जास्त.

सरकारला हे करायची घाई का, तर हिशोब बघा. राज्यात ४५ लाखांच्या आसपास शेतीपंप. शेतापर्यंत वीज पोचवायला सगळा खर्च धरून युनिटला आठ रुपयांच्या पुढं जातात, शेतकऱ्याचा दर दीड रुपयाच्या आसपास आणि मधली रक्कम कोण भरतं तर थोडी सरकार अनुदानातून आणि बाकी कारखाने, दुकानं जास्तीच्या दरातून. त्यात एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली, म्हणजे शेतकऱ्याचा वाटाही सरकारवर आला आणि जाहीर करताना त्याचा वर्षाचा आकडा साधारण १४,७६० कोटी सांगितला होता. आता सबस्टेशनलाच तीन रुपयांच्या आसपास युनिट मिळायला लागलं, तेही पंचवीस वर्षांसाठी दर बांधून, तर हे ओझं किती उतरेल ते तुम्हीच बघा. माझ्या मते हे या सगळ्या वाढीमागचं खरं इंजिन आहे. पर्यावरण वगैरे चांगलंच आहे, पण फाइल हलते ती या हिशोबामुळं.

आता तुमचा मूळ प्रश्न, प्लांट गावात आणि पाळी रात्रीची, असं का.

सबस्टेशनमधे एक मोठा पॉवर ट्रान्सफॉर्मर असतो, खेड्यात बहुतेक ५ किंवा १० एमव्हीएचा (एमव्हीए म्हणजे त्याची भार पेलायची क्षमता). त्याच्यावरून चार-सहा फीडर निघतात, गावठाणचे वेगळे, शेतीचे वेगळे. सगळे शेती फीडर एकदम दिवसा चालू केले तर तो ट्रान्सफॉर्मर आणि मागची ३३ केव्हीची लाइन दोन्ही तो भार पेलू शकत नाहीत. म्हणून पाळ्या, अर्ध्यांना दिवसा, अर्ध्यांना रात्री. म्हणजे रात्रीची पाळी ही फक्त वीज कमी आहे म्हणून नाहीये, यंत्रणेची ताकद कमी आहे म्हणून पण आहे, आणि हे कुणी सांगत नाही. प्लांटची वीज ११ केव्हीच्या बाजूला जोडली की ती थेट फीडरवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून यावीच लागत नाही, तेवढा भार हलका होतो आणि मग जास्त फीडर दिवसा घेता येतात. पण प्लांट मोठा असला तर तो ३३ केव्हीला जोडावा लागतो, अशा वेळी मागच्या लाइनला आराम मिळतो पण तुमच्या सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर होता तेवढाच राहतो, तिथं क्षमता वाढवायचं काम वेगळं करावं लागतं. ते काम झालं नसेल तर पॅनल चमकतायत आणि पाळी तशीच, असं होतं. दुसरं कारण त्याहून साधं, पॅनल उभे राहिले म्हणजे प्लांट चालू झाला असं नसतं, लाइन ओढायची राहिलेली असते, एखादा शेतकरी खांब घालू देत नाही, मीटर टेस्टिंग, सिंक्रोनायझेशन म्हणजे प्लांट ग्रिडशी जुळवणं, यात महिनेच्या महिने जातात.

चालू झाल्यावर फरक पडतो का? पडतो, आणि तो मी बघितलाय. कडक उन्हात १ मेगावॅटवर पाच एचपीचे साधारण दोनशे ते अडीचशे पंप एकाच वेळी चालू शकतात. त्याहून मोठा फरक व्होल्टेजचा. फीडरच्या शेवटच्या डीपीवर, म्हणजे शेताजवळच्या लहान ट्रान्सफॉर्मरवर, आपल्याकडं ३००-३२० व्होल्ट मिळणं काही नवीन नाही, पाहिजेत ४१५, मग मोटार जास्त करंट ओढते, तापते, जळते, आणि रिवाइंडिंगला पैसे जातात ते मोफत विजेच्या हिशोबात कुणी धरत नाही. वीज जवळून आली की शेपटाचं व्होल्टेज सुधारतं. आणि दिवसा पाणी मिळणं म्हणजे काय हे जुन्नर, सिन्नर, निफाडच्या लोकांना विचारा, जिथं उसात बिबट्या असतो आणि माणसं टोळी करून दारं धरायला जातात. साप तर सगळीकडंच. रात्री बाई एकटी पाणी भरू शकत नाही, दिवसा भरते, ज्या घरात पुरुष बाहेरगावी कामाला आहे तिथं यानं शेती टिकते. मला या कामात सगळ्यात समाधान याच गोष्टीचं आहे.

अजून एक गोष्ट इथं छान जुळून येते. लोकांना वाटतं मे महिन्यात सोलर सगळ्यात जास्त, कारण ऊन जास्त. तसं नसतं. पॅनलची क्षमता २५ डिग्रीला मोजलेली असते, विदर्भ-मराठवाड्यात मे मधे पॅनल ६५ डिग्रीला जातं आणि तेवढ्यानंच बारा-पंधरा टक्के वीज घटते. आपल्याकडं चांगलं जनरेशन मिळतं ते फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमधे, आभाळ स्वच्छ आणि ऊन जरा सोसवणारं. आणि रब्बीचं, उसाचं, फळबागेचं पाणी कधी लागतं? हेच महिने. जुलै-ऑगस्टमधे जनरेशन पडतं तेव्हा मोटारी पण बंद असतात. वर्षाकाठी १ मेगावॅटला १५-१६ लाख युनिट मिळतात आणि त्यातला मोठा हिस्सा नेमका गरजेच्या वेळी. देशात शेतीपंप इतके असलेल्या राज्याला सोलर शोभतं ते म्हणूनच.

एक गैरसमज मात्र काढून टाका. गावात प्लांट आहे म्हणजे लाइट गेल्यावर गाव चालू राहील असं नाही. ग्रिड गेलं की इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज ग्रिडला चालेल अशी करणारं यंत्र, स्वतःहून बंद होतो, तसा तो करावाच लागतो, नाहीतर लाइनवर चढलेल्या वायरमनच्या जिवाला धोका. ऑपरेटरशी यावरून भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं. आणि ढगाळ दिवशी फीडर बंद पडत नाही, तेव्हा ग्रिडमधून वीज येते.

आता पंप घ्यावा की वाट बघावी. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याला १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. अडीच एकरपर्यंत ३ एचपी, पाच एकरपर्यंत ५, त्याच्या पुढं साडेसात. तुमची सहा एकर म्हणजे जमिनीच्या मापानं साडेसातपर्यंत बसता, पण ही योजना मुळात वीज जोडणी नसलेल्यांसाठी आहे. ज्याच्याकडं वीज जोडणीच नाहीये, डिझेल इंजिनवर चाललंय, त्यानं डोळे झाकून घ्यावा. नवीन जोडणी मागितली तरी आता बहुतेक ठिकाणी हाच पंप पुढं केला जातो. पण तुमच्याकडं चालू जोडणी आहे, फीडर सोलर होणार आहे, तर मी म्हणेन फीडरची वाट बघा. सोलर पंप ग्रिडला जोडलेला नसतो, सकाळी नऊच्या आधी आणि चारनंतर पाणी कमी फेकतो, ढग आला की बारीक होतो. शिवाय तुमची पाइपलाइन लांब असली, दोन-तीन हजार फूट, आणि रान चढाला असलं तर नेहमीच्या पाच एचपीच्या मोटारीची सवय असलेला माणूस नाराज होतो. तक्रारी येतात त्यातल्या निम्म्या पंप खराब म्हणून नसतात, हेड चुकीचं निवडलेलं असतं. हेड म्हणजे पाणी किती उंच फेकायचं, ३०, ५०, ७०, १०० मीटर असे पर्याय असतात. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी किती खाली जातं, तिथून रानाच्या सगळ्यात उंच कोपऱ्यापर्यंतची उंची आणि पाइपमधली घट, हे सगळं धरून हेड सांगायचं. पावसाळ्यात विहीर तुडुंब असताना सर्वे झाला आणि तेच हेड लिहिलं गेलं तर एप्रिलमधे पंप नुसता हवा खातो. सर्वेवाला येईल त्या दिवशी स्वतः हजर राहा, मुलाला पाठवू नका.

बसवल्यावर फाउंडेशन बघा. खड्डा खोल घेतलाय का, काँक्रीट पूर्ण भरलंय का, कारण वळवाच्या वाऱ्यानं पॅनल स्ट्रक्चरसकट उलटलेले मी मराठवाड्यात किती तरी बघितलेत आणि बहुतेक ठिकाणी खड्डाच उथळ होता. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा असतो, गारपीट, चोरी, वादळ यात येतं, पण नुकसान झालं की लगेच फोटो काढून तक्रार नोंदवा, पंचनामा करून घ्या, आठवडाभरानं कंपनीला फोन केला तर हात वर होतात. आणि पैसे फक्त महावितरणच्या अधिकृत पोर्टलवर भरायचे. कुसुमच्या, म्हणजे केंद्राच्या सौर पंप योजनेच्या, नावानं खोट्या वेबसाइट आणि फोनवर पैसे मागणारे सुळसुळाट झालेत, त्यात चांगली शिकलेली पोरंही फसलीत.

जमिनीचं. फीडर योजनेत भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख किंवा रेडी रेकनरच्या (सरकारनं ठरवलेल्या जमिनीच्या) किमतीच्या ६ टक्के, यात जे जास्त असेल ते, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी निदान पन्नास हजार. कोरडवाहू माळरान, ज्यात बाजरी पण धड येत नाही, त्याला हे चांगले पैसे आहेत आणि मी अशा लोकांना द्या म्हणून सांगतो. पाण्याखालचं काळं रान देऊ नका. पंचवीस-तीस वर्षांचा करार असतो, तुमच्या नातवाच्या वेळेला जमीन परत येते, म्हणून कागद नीट वाचा: काम सुरू झालं नाही तर भाडं कधीपासून, कंपनीनं प्रकल्प दुसऱ्याला विकला तर करार कुणाशी, शेवटी काँक्रीटचे खांब कोण उपटणार, सात-बाऱ्यावर बोजा चढणार का. तुम्ही दोनच एकर म्हणताय, मेगावॅटला चार एकर लागतात, तेव्हा शेजारच्यांना बरोबर घेतल्याशिवाय तुमच्या एकट्याची जमीन सहसा कुणी घेणार नाही. एजंट घरी आला आणि आधी टोकन मागायला लागला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

गायरानाचा मुद्दा मला टोचतो. सरकारी जमीन मिळाली म्हणून योजनेला वेग आला हे खरं, पण कागदावर मोकळं दिसणारं गायरान गावात मोकळं नसतं. तिथं धनगरांची मेंढरं चरतात, कित्येक भूमिहीन कुटुंबं, बरीचशी दलित आणि पारधी समाजाची, पिढ्यान्पिढ्या कसून खातात, त्यांच्या नावावर काही नाही. पोलिस बंदोबस्तात खांब ठोकले की प्लांट उभा राहतो पण गाव कायमचं विरोधात जातं, मग केबल कापली जाते, पॅनलवर दगड पडतात. ग्रामपंचायतीला या योजनेत वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं मिळतात, माझं स्पष्ट मत आहे की त्याआधी चरणाऱ्या-कसणाऱ्यांसाठी जागा सोडायला हवी, आणि ते ग्रामसभेत लेखी व्हायला हवं. जिथं असं झालंय तिथं आमचं काम निम्म्या वेळात होतं.

पाण्याचं पण बोललंच पाहिजे. दिवसभर फुकट वीज म्हणजे मोटार बंद करायचं कारणच उरत नाही. रावेर-यावलची केळी, वरूड-मोर्शीची संत्री, तिथं भूजल आधीच उपसून खाली गेलंय. रात्रीच्या पाळीला एक फायदा होता, उपसा आपोआप मर्यादित राहायचा. आता ती मर्यादा गावानं स्वतः घालावी लागेल, ठिबक असेल त्यालाच जोडणी, नवीन बोअरवर बंदी, पिकाचं बजेट. नाहीतर वीज असेल आणि विहिरीत पाणी नसेल.

घराच्या छपराबद्दल पण विचारलं होतं म्हणून पटकन सांगतो. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागं ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान. एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. बिल महिन्याला दोनशे-तीनशे युनिटचं असेल तर बसवा, पाच-सहा वर्षांत पैसे निघतात. नागपूर यात राज्यात पुढं आहे, स्वतःची घरं, मोकळी गच्ची आणि उन्हाळ्यात कूलर-एसीचं बिल. मुंबईत वीस मजल्यांच्या इमारतीला गच्चीच पुरत नाही. सावली बघा, पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलवर पडली तरी साध्या इन्व्हर्टरवर पूर्ण रांग मार खाते.

संध्याकाळचं काय, असंही बऱ्याच जणांच्या मनात असतं. सूर्य मावळला की राज्याची मागणी वाढते आणि सोलर शून्य. तिथं कोयना कामाला येते, पण तिचं पश्चिमेला वीजेसाठी सोडायचं पाणी कृष्णा पाणीतंटा लवादानं बांधून दिलंय, वाढवता येत नाही. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे, मागणी कमी असताना पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची, सह्याद्रीत असे आणखी होणार आहेत आणि बॅटऱ्या पण येतायत. शेतीचा भार दिवसावर सरकला की रात्रीचा ताण तेवढा कमी होतो, हेही फीडर योजनेचंच काम आहे.

तर तुमच्यापुरतं: सबस्टेशनला जाऊन ऑपरेटरला नाही, शाखा अभियंत्याला भेटा आणि विचारा की आपला फीडर सौर वाहिनीच्या यादीत आहे का, प्लांट ११ ला जोडलाय की ३३ ला, आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरची क्षमता वाढवायचं काम मंजूर आहे का. शेवटच्याचं उत्तर नाही असं आलं तर गावातल्या पन्नास-साठ पंपवाल्यांच्या सह्या घेऊन कार्यकारी अभियंत्याकडं लेखी मागणी द्या, पोच घ्या. त्यासोबत आठवडाभर तुमच्या डीपीवर दुपारी आणि रात्री व्होल्टेज किती येतं ते लिहून जोडा, साधं मीटर पाच-सातशेला मिळतं, पण नोंद घ्यायचं काम गावातल्या वायरिंग करणाऱ्या पोराकडूनच करून घ्या, स्वतः डीपीला हात लावू नका.